भिंतीकडची रेषा

"कोरे, भिंतीकडची रेषा! पाय अलीकडेच राहिला. पहिली ताकीद!"

हे मला म्हणताहेत हे आधी माझ्या डोक्यातच शिरलं नाही. मी पळत होते खरी, पण माझं सगळं लक्ष डावीकडच्या पट्ट्यात पळणाऱ्या फरजूकडं होतं. ताकीद मिळालीच तर तिला, बाद झालीच तर ती, असं धरून मी सकाळपासून नखं कुरतडत होते. आणि ताकीद आली ती मला!

"मला?" मी पळता पळताच ओरडले.

"कोरे तूच ना? मग तुलाच. पळ, बोलू नकोस!" शिट्टी गळ्यात अडकवलेला तो मदतनीस खेकसला.

टेपरेकॉर्डरमधून 'टूं' वाजलं आणि आम्ही सगळ्याजणी पुन्हा उलट्या दिशेला सुटलो.

पुण्यातला तो मोठा हॉल, जानेवारीतली सकाळ. फरशीवर दोन पांढऱ्या रेषा मारलेल्या, मध्ये वीस मीटर. एका रेषेवरून निघायचं आणि 'टूं' वाजायच्या आत दुसरीवर पाय टेकवायचा. लगेच वळायचं, परत यायचं. सुरुवातीला दोन आवाजांमध्ये एवढा वेळ असतो की रमतगमत पळालं तरी चालेल. मग दर मिनिटाला लेव्हल वाढते आणि आवाज जवळजवळ येत जातात. तीन वेळा रेषेला पाय लागला नाही की बाहेर. राज्याच्या संघात जायचं तर आठवी लेव्हल पूर्ण करायलाच हवी होती. आता मी स्वतः पोरापोरींच्या या टेस्ट घेते, म्हणून सांगते, दिसायला हे शाळेतल्या खेळासारखं दिसतं. सहाव्या लेव्हलला माणसाला आई आठवते.

त्या वर्षी ही भानगड पहिल्यांदाच आली होती. आमचे उगारे सर तर भडकलेच होते. "बॅडमिंटन खेळायचंय का घोड्यांची शर्यत लावायचीय?" असं त्यांनी टेस्ट घेणाऱ्या डॉक्टर नाडगौडा मॅडमना तोंडावर विचारलं. मॅडम शांत बाई. त्या म्हणाल्या, "सर, तिसऱ्या गेमला हात चुकत नाही, दम चुकतो. छातीत हवा उरली तर हात शेवटपर्यंत खरा राहतो. तेवढंच बघायचंय मला."

सरांना पटलं होतं, पण कबूल कोण करणार!

मी आणि फरजाना पटवेगार, सांगलीची जोडी. मी मागं, ती पुढं. निवड स्पर्धेत आम्ही सगळ्यांना धुतलं होतं, संघातली डबल्सची जागा आमचीच होती. फक्त ही टेस्ट. दोघीही पास झालो तर जोडी जाणार. एक नापास झाली तर तिच्या जागी ठाण्याची मिथिला टिपणीस तयारच होती, तीही त्याच रांगेत पळत होती. आणि आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास, तशी आमची फरजू दिवाळीत टायफॉइडनं झोपलेली. उठली तेव्हा गालफडं बसलेली, जिना चढली की खांबाला धरून उभी राहायची. महिनाभर सर तिला गणपतीच्या घाटावर चालवत होते, मग पळवत होते. दम भरत आला होता, पण काठोकाठच.

सकाळी एसटीतून उतरल्यावर सरांनी तिला बजावलं होतं, "फरजे, तुझं तोंड हाच तुझा दुश्मन आहे. आज पळताना तोंड मिटायचं. नाकानं श्वास घ्यायचा. एक अक्षर बोललीस तर तेवढी हवा गेली म्हणून समज. मोजून आहे तुझ्याकडं."

फरजू म्हणजे अखंड बडबड. कोर्टवर बोलायची, सायकलवर बोलायची, झोपेतही बोलत असणार. तिनं ओठांवर बोट ठेवून मान हलवली आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

"मिचकावतेस काय," मी म्हटलं, "नीट पळ म्हणजे झालं. माझा जीव टांगणीला लागलाय."

ती बोलली नाही. पाठीत एक गुद्दा मात्र घातला.

आणि आता तीच फरजू ओठ गच्च मिटून, डोळे समोर लावून, घड्याळासारखी पळत होती. ताकीद खाल्ली मी.

मला रागच आला. माझा दम घोड्यासारखा होता, श्वास चढलासुद्धा नव्हता. भिंतीकडं पोचले, वळले, टेबलाकडच्या रेषेवर पाय आपटला, परत भिंतीकडं.

"कोरे! पुन्हा अलीकडे! दुसरी ताकीद!"

"अहो, लागला होता पाय!"

"वीतभर अलीकडे होता. टेबलाकडं बरोबर येतेस, इकडंच काय होतंय?"

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. जाम घाबरले मी. कारण तो खरं बोलत होता. टेबलाकडची रेषा मोकळ्या जागेत होती. पण भिंतीकडच्या रेषेपुढं जेमतेम दोन-अडीच हातांवर भिंत होती, पिवळ्या रंगाची. ती जवळ आली की माझे पाय आपोआप आखडत होते. मी त्यांना पळा म्हणत होते आणि ते ऐकत नव्हते.

कारण ठाऊक होतं मला. ठाऊक असून काय उपयोग!

सांगलीत आमचं कोर्ट म्हणजे एक जुनं हळदीचं गोदाम. पोती गेली, हळद राहिली. नवीन शटल दोन दिवसांत पिवळं व्हायचं, आणि आम्ही शिंकलो तरी रुमाल पिवळा. उगारे सरांनी मालकाच्या हातापाया पडून ते मिळवलं होतं. लांबी पुरत नव्हती. एका बाजूला मागची रेषा संपली की वीतभरावर भिंत, दगडी. उंच शटल आलं की मागच्या खेळाडूनं वर बघत उलटं पळायचं, आणि मागं भिंत. तेरा वर्षांची असताना मी तशीच गेले, वळून मारायला गेले आणि तोंडानं भिंतीवर. पुढचा दात निम्मा तुटला. तो अजून तसाच आहे, हसले की दिसतो.

त्यानंतर आमच्या गोदामात एक रीत पडली. शटल डोक्यावरून गेलं की पुढच्या खेळाडूनं ओरडायचं. मागं जागा असेल तर "मोकळं!" आणि नसेल तर "भिंत!" जगात कुठं डबल्स असं खेळत नाहीत. बाहेरच्या स्पर्धेत पोरी हसायच्या आम्हाला. पण फरजूनं "मोकळं!" म्हटलं की मी डोळे मिटून मागं जायची. ती बोलली नाही की माझे पाय अडायचे. सहा वर्षं मी तिच्या आवाजावर मागं गेले होते.

आणि आज तिला तोंड मिटायला सांगितलेलं.

तिसऱ्या ताकिदीला मी बाहेर. फरजूची काळजी करत बसले होते मी, अन् बुडणार होते मीच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ते हेच. पुन्हा टेबलाकडून वळले. भिंत समोर. मनात म्हणत होते, जा, जा, अगं पाच पावलं तर आहेत. रेषा दिसत होती, पण डोळे भिंतीवरून हलेनात.

"मोकळं!"

डाव्या कानाशी आवाज आला आणि माझा पाय रेषेच्या पलीकडं पडला. चांगला हातभर पलीकडं.

मी चमकून बघितलं. फरजू माझ्या बरोबरीनं वळत होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.

"फरजे, गप्प!" मी म्हणाले. "बोलू नको तू!"

टेबलाकडच्या रेषेला शिवून आलो. भिंत जवळ आली.

"मोकळं!"

पाय रेषेवर.

"ए, सांगितलेलं कळत नाही का? तोंड मीट!"

"तू... पळ की," ती दात आवळून म्हणाली.

मदतनीस पुढं आला. "मॅडम, ही मुलगी ओरडतेय. हे चालतं का?"

डॉक्टर नाडगौडा टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं. "पळताना बोलू नये असा नियम नाही," त्या म्हणाल्या. "तिचा श्वास आहे, तिनं ठरवावं."

सहावी लेव्हल लागली. रांगेतल्या दोघी-तिघी बाहेर पडून कमरेवर हात ठेवून वाकल्या. मिथिला टिपणीस माझ्या उजवीकडं आरामात पळत होती, हरणासारखे लांब पाय तिचे. आणि दर फेरीला भिंतीकडं जाताना डावीकडून तो शब्द येत होता. पहिल्यांदा खणखणीत, मग थोडा बसका. मी दर वेळी ठरवायची, या खेपेला आपणच जायचं, तिच्या आधीच रेषा गाठायची, म्हणजे तिला ओरडायची गरज नाही. पण चार पावलांवर आलं की पाय अडायला लागायचे. आणि तिला ते दिसायचं. सहा वर्षं माझ्या पुढं उभी राहून मान न वळवता तिला माझं सगळं दिसायचं.

सातवी लेव्हल. आता माझाही श्वास वाजायला लागला होता. फरजूचा तर दोन पट्टे सोडूनही ऐकू गेला असता. भात्यासारखा. ओठ उघडे, मान मागं पडलेली. सर कडेला उभे होते, टोपी हातात चुरगाळत. ते तिला ओरडून गप्प करू शकले असते. केलं नाही. त्यांच्या दोन्ही पोरी होत्या त्या रांगेत, कुणाला काय सांगणार बिचारे!

"मो... कळं!"

पाय रेषेवर.

"फरजे, पुरे. मी जाते. खरंच जाते."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. माझ्यावर विश्वास नव्हता तिचा, आणि बरोबरच होतं ते.

आठवी लेव्हल लागली तेव्हा आम्ही पाचजणी उरलो होतो. ही संपली की झालं. मला वाटलं, निघतंय, निघतंय, दोघी निघतोय. भिंतीकडं जाताना तिनं तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी नुसता "मो" आला. मी गेले. वळले. चार पावलं गेल्यावर कळलं, शेजारी तिच्या पावलांचा आवाजच नाही.

मी मान वळवली. फरजू भिंतीला पाठ लावून खाली बसली होती, पाय पसरून. तोंड वासलेलं, चेहरा राखेसारखा. मदतनीसानं तिच्याकडं हात करून "पटवेगार, बाहेर" म्हटलं.

माझे पाय थांबलेच होते. तेवढ्यात सर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जोरात, "अनुपमा! पळ!"

पळाले. टेबलाकडून वळले. अजून अर्धी लेव्हल होती आणि समोर भिंत, आणि आता आवाज कुणाचा नाही. माझ्या पट्ट्यासमोर, रेषेच्या पलीकडं, फरजू सरकून आली होती. तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसता हात उचलला आणि रेषेच्या मागच्या फरशीवर थाप मारली.

थप.

मी त्या थापेवर गेले. परत आले. पुन्हा थप, पुन्हा गेले. लेव्हल संपल्याचा लांब 'टूं' वाजला तेव्हा मी तिच्या पायांपाशीच कोसळले.

उठले ती तडक टेबलापाशी. रागानं मला रडूही येत नव्हतं.

"मॅडम, तिची पुन्हा घ्या. ती बोलली म्हणून गेली. तिचा दम होता. सगळा माझ्यावर घालवला तिनं!"

"ऐकलं मी," डॉक्टर म्हणाल्या. "का ओरडत होती ती?"

मी धापा टाकत सगळं सांगितलं. गोदाम, भिंत, दात. दात दाखवलासुद्धा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या वेगाला माणूस बोलू शकत नाही, अनुपमा. सातव्या लेव्हलला एक शब्द म्हणजे एक अख्खा श्वास. तिनं किती दिले, तू बघितलंस. पण आज मी तिची पुन्हा घेतली तर बाहेर पडलेल्या सगळ्यांची घ्यावी लागेल. नाही घेता येत."

"मग माझंही नाव काढा. मला नाही जायचं!"

मागून कुणीतरी माझा टी-शर्ट धरून मला गर्रकन फिरवलं. फरजू होती. उभी राहता येत नव्हतं, तरी आली होती. डोळे लाल.

"नाव... काढशील?" तिला एकेक शब्दाला थांबावं लागत होतं. "मी... एवढी... बोंबलले... ते फुकट?"

"अगं पण तुझ्याशिवाय..."

"गप्प बस!" ती म्हणाली. आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, सगळ्यांच्या समोर. मी हात लावायला गेले तर तिनं तो झटकला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. कराड आलं, गेलं. फरजू पटवेगार सांगलीपर्यंत एक शब्द बोलली नाही. सर मधल्या सीटवर झोपल्याचं सोंग करून बसले होते. मी तिला शेंगा दिल्या, तिनं त्या सोलून मांडीवर ठेवल्या आणि खाल्ल्या नाहीत.

मग ती गोदामाकडं फिरकलीच नाही. मी दोनदा तिच्या घरी गेले. तिच्या अम्मीनं चहा दिला, "बाहर गई है बेटा," म्हणाल्या, आणि आतल्या खोलीच्या दाराखालून मला तिच्या चपला दिसत होत्या. बाहेर पडून मी सायकलवर टांग मारली आणि गावभर उगाच फिरत राहिले. खाणं नको, झोप नको. तिला पश्चात्ताप झालाय, आता ती माझं तोंड बघणार नाही, हेच डोक्यात. आईनं एकदा विचारलं, "काय गं, राज्याच्या संघात गेलीस आणि तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं?" काय सांगू तिला!

फेब्रुवारीत सामने होते, आणि नशिबानं कोल्हापुरात. माझ्यापुढं आता फरजूच्या जागी मिथिला टिपणीस. पोरगी चांगली, हात सोन्याचा. पण ती ठाण्याच्या मोठ्या हॉलमध्ये वाढलेली, खेळताना मुकी. तिला मी गोदामातली रीत सांगितली तर ती गोंधळून म्हणाली, "मी शटलकडे बघू की तुझ्या मागच्या भिंतीकडे?" बरोबरच होतं तिचं.

कोल्हापूरच्या कोर्टमागं काळा पडदा, पडद्यामागं भिंत. जागा भरपूर होती. मी स्वतः मोजून बघितली होती सकाळी, पावलं टाकून. तरी पहिला गेम गेला. दुसरा कसाबसा काढला. तिसऱ्यात समोरच्या गुजरातच्या पोरींच्या लक्षात आलं. ही मागं जायला कचरते, टाका हिच्या डोक्यावरून! उंच, खोल, एकामागून एक. मी अर्ध्यातूनच वाकून मारायची आणि शटल मेल्यासारखं त्यांच्या हातात जायचं. दम होता, डॉक्टर म्हणाल्या तसा छातीत भरपूर होता. पाय जात नव्हते. मिथिला वळून बघायला लागली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा एक शटल उंच गेलं. मी वर बघत मागं निघाले, एक पाऊल, दोन, आणि पाय अडले.

"मोकळं!"

गॅलरीतून. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्यानं.

मी गेले. पार पडद्यापर्यंत गेले, उडी घेतली आणि असा स्मॅश मारला की काय सांगू! गेला तो थेट जाळीत.

पंच गॅलरीकडं बघून म्हणाले, "प्रेक्षकांनी सूचना देऊ नयेत." लोक हसले. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच खाली बसले असते. पण पुढच्या वेळी शटल डोक्यावरून गेलं तेव्हा कुणी ओरडलं नाही आणि तरी मी मागं गेले. आता पाठीमागं ती बसलेली होती ना! तो स्मॅश बसला. त्यानंतरचाही. सामना आम्ही काढला. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत सडकून हरलो, तो भाग वेगळा.

बाहेर पायऱ्यांवर फरजू बसली होती, उगारे सरांच्या शेजारी, हातात भेळेचा कागद. मला बघून सर उठले आणि "पाणी बघतो," म्हणून निघून गेले.

"पहिला जाळीत मारलास," फरजू म्हणाली. "मोकळं म्हणून सांगितलं तर जाळीत!"

"महिनाभर कुठं होतीस?"

"घरात. तुझा राग आला होता."

"मग आज?"

"आज पण आहे थोडा." तिनं भेळेचा कागद माझ्यापुढं केला. मी घेतला नाही.

"फरजे, एक सांग. सरांनी तुला सांगितलं होतं, बोललीस तर संपलीस. तुला माहीत होतं. मग ओरडलीस कशाला?"

ती बराच वेळ कागदातले मुरमुरे बोटानं इकडंतिकडं करत राहिली.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "दोघींना पुरेल."

मग मात्र माझा बांध फुटला. त्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी हमसून हमसून रडले. श्वास पुरेना, उचकी लागली. फरजूनं कागद खाली ठेवला आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला.

"पुरे अने," ती म्हणाली. "तोंड मीट. नाकानं श्वास घे."